लाजाळू, मधमाशी आणि भुलीची वेळ

पावसाळ्यात चिरनेरच्या रानवाटेवर लाजाळू दिसली, की बोट लावून पुढे जाऊ नये, जरा थांबावं. ही पानं रात्री आपोआप मिटतात, सकाळी उघडतात. 1729 साली द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं अशाच रोपाला अंधारात ठेवलं. ऊन नसतानाही पानं दिवसा उघडतच राहिली! पुढे क्लोद बर्नारनं लाजाळूला ईथरची वाफ दिली, तेव्हा हात लावूनही पानं मिटेनात. झाडालाही भूल चढते. घड्याळ आणि भूल, दोन्ही एवढ्याशा रोपात.

माणसाच्या मेंदूतलं मुख्य घड्याळ सुमारे 20,000 पेशींचं. झोप, अंगाचं तापमान, संप्रेरकं, सगळ्यांचा दिवसभराचा चढउतार त्याच्या हाती. मग भूलच तेवढी त्यातून कशी सुटेल? 1964 मध्ये फ्रान्झ हालबर्ग आणि सहकाऱ्यांनी उंदरांना वेगवेगळ्या प्रहरी हॅलोथेन हे भुलीचं औषध दिलं. एका वेळी उंदीर तगले, दुसऱ्या वेळी त्याच औषधानं जास्त दगावले. दाताच्या इंजेक्शनचंही तसंच: लिडोकेननं आलेला बधिरपणा दुपारी तीनच्या सुमारास सर्वांत जास्त टिकतो, असं फ्रान्समध्ये रेनबर्ग यांना दिसलं. माणसांच्या ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञ वय, वजन, आजार पाहून आणि नाडी, रक्तदाब सतत तपासत मात्रा ठरवतात, म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही.

मला खरं थक्क करते ती याची उलटी बाजू: भूल घड्याळावर काय करते. चिरनेरहून पनवेलला ऑपरेशनसाठी नेलेला माणूस शुद्धीवर येताच विचारतो, ‘सकाळ आहे की संध्याकाळ?’ घरचे हसतात. पण प्रश्न खोल आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी तो मधमाश्यांना विचारला. सूर्य दिवसभर सरकतो, म्हणून त्याच्यावरून दिशा धरायची तर किती वाजले हे माशीला ठाऊक असावंच लागतं. तिला दिवसा सहा तास आयसोफ्लुरेनची भूल दिली. जाग आल्यावर ती ठामपणे उडाली, पण भलत्याच दिशेला! ठरल्या वेळी खाद्यावर येणाऱ्या माश्या सरासरी 3.3 तास उशिरा आल्या. पेशींमधल्या घड्याळाच्या जनुकांची लयही चार-पाच तास मागे पडली होती. म्हणजे भुलीत त्यांचा काळ जवळजवळ थांबला होता. हे 2012 साली प्रसिद्ध झालं.

आणि तीच भूल रात्री दिली, तेव्हा घड्याळ जागचं हललंही नाही.