बागेतील डिस्क गोल्फ : चालण्याचा व्यायाम आणि खेळही

मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या आया आमच्याकडे तपासणीला येतात, तेव्हा अनेकींची साखर वाढलेली असते. कारण विचारले की उत्तर ठरलेले, "सिस्टर, तिथं घराबाहेर पडणंच होत नव्हतं. ना दुकान जवळ, ना ओळखीचं कुणी." त्यांना आम्ही विचारतो, जवळच्या बागेत साखळ्या लटकवलेला आणि खाली टोपली असलेला लोखंडी खांब पाहिलात का? बऱ्याच जणींनी तो पाहिलेला असतो. तो डिस्क गोल्फचा खांब.

हा खेळ म्हणजे फ्रिस्बीसारखी तबकडी कमीत कमी फेकींत टोपलीत टाकणे. फ्रिस्बी सुधारणारे एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये 1975 साली पहिले कायमस्वरूपी मैदान उभे केले. बहुतेक मैदाने सार्वजनिक बागांत असून अनेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. काठी नको, गणवेश नको, एक तबकडी पुरते.

मैदानात 9 किंवा 18 टप्पे असतात. त्यांना 'होल' म्हणतात. नवशिक्यांसाठीचे होल आखूड, साधारण 60 ते 75 मीटरचे असतात. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करायची. तबकडी पडेल तिथे चालत जायचे आणि तिथूनच पुढची फेक करायची. टोपलीपासून जो सर्वांत लांब, त्याची पाळी आधी. सुरुवातीला जाड, बोथट कडेची 'पटर' तबकडी घ्यावी. ती सावकाश आणि सरळ जाते. पातळ कडेची 'ड्रायव्हर' नवशिक्याच्या हातून वाकडी जाते.

आरोग्याच्या दृष्टीने खरा फायदा चालण्याचा आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खेळाच्या नादात त्यातला बराच वेळ सहज भरून निघतो. मात्र आधी पाच मिनिटे खांदे, मनगटे आणि कंबर हळूहळू फिरवून मोकळी करा. जोर लावून फेकू नका, त्याने खांदा आणि कोपर दुखावतो. गुडघेदुखी असेल तर जागेवर उभे राहूनच फेका. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी जाऊ नका, खिशात साखर ठेवा आणि पायात बंद बूट घाला. कॅलिफोर्नियातील झाडीत 'पॉइझन ओक' हे तीन-तीन पानांचे झुडूप असते. त्याचा स्पर्श झाला तर अंगावर खाजरे फोड उठतात. तबकडी झुडपात गेली तर आधी नीट पाहा, मगच हात घाला.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही बाग खेळणाऱ्यांच्या मालकीची नाही. तिथे बाबागाडी ढकलणारी आई असते, काठी टेकत चालणारे आजोबा असतात, खेळाची कल्पनाही नसलेली मुले असतात. तबकडीचे वजन दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमपर्यंत असते. कठीण कडेची ती तबकडी वेगाने डोळ्याला किंवा डोक्याला लागली तर गंभीर इजा होते. म्हणून वाटेवर कोणी असेल तर थांबा. त्यांना घाई करू नका, जाऊ द्या. वळणापलीकडचे दिसत नसेल तर सोबतच्या एकीला पुढे पाहायला पाठवा. तबकडी माणसांकडे वळलीच तर लगेच मोठ्याने "फोर!" असे ओरडा. तिथल्या खेळाडूंना ही इशारत कळते.

कुणाला लागलेच तर कापडात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटे धरा. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर वाट न पाहता दवाखाना गाठा. डोळ्याला लागले असेल तर डोळा चोळू नका, दाबूही नका, थेट डॉक्टरांना दाखवा.

आयांनो, पुढच्या खेपेला नातवंडांना म्हणा, "चल, मलाही शिकव." पहिल्या दिवशी तीनच होल खेळा. फेकी किती लागल्या ते मोजू नका, किती चाललात ते मोजा.