कानामागचं यंत्र आणि पॉलिसीतली बारीक अक्षरं

मुलाला ऐकू येत नाही हे बेरा टेस्टमधून पक्कं झालं की घरात दोन शोध एकदमच सुरू होतात. एक चांगल्या सर्जनचा आणि दुसरा कपाटातल्या मेडिक्लेमच्या फाइलचा. सर्जन सापडतो. फाइल उघडली की मात्र सल्ल्यांचा पूर येतो. मामा सांगतात, कंपनी सगळं देते. शेजारचे काका सांगतात, कानाचं काही देतच नाहीत. दोघांनीही ती पॉलिसी वाचलेली नसते.

माझ्या मते या गोंधळाचं मूळ एकच आहे. कॉक्लिअर इम्प्लांटला आपण एक वस्तू आणि एक बिल समजतो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळे खर्च आहेत आणि विम्याची नजर तिन्हींकडे वेगवेगळी असते. सर्जन कानामागच्या हाडातून वाट काढून इलेक्ट्रोडची बारीक तार आतल्या कानाच्या शंखाकृती नळीत सरकवतात आणि रिसीव्हर त्वचेखाली बसवतात. हा झाला आतला भाग. बाहेर कानामागे प्रोसेसर असतो आणि चुंबकाने डोक्याला चिकटणारी कॉइल असते. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी 'स्विच ऑन' होतं, आणि तिथून तिसरा खर्च सुरू होतो तो मॅपिंगचा, म्हणजे प्रोसेसर मुलाला जुळवून घेण्याचा, आणि वर्षानुवर्षांच्या स्पीच थेरपीचा. यंत्राची किंमतच साधारण पाच-सहा लाखांपासून सुरू होते आणि वरच्या मॉडेलला त्याच्या दुपटीच्या पुढे जाते. त्यापुढे हॉस्पिटलचं बिल लहान वाटू लागतं.

'पाच लाखांचा विमा आहे, म्हणजे काम भागलं.'

पॉलिसीच्या शेवटी 'कायमस्वरूपी अपवाद' अशी यादी असते. अनेक वैयक्तिक पॉलिसींमध्ये चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कुबड्या यांच्याच ओळीत कॉक्लिअर इम्प्लांटचं नाव असतं, आणि काही ठिकाणी 'व त्यासंबंधी शस्त्रक्रिया' असे शब्दही जोडलेले असतात. ते शब्द असतील तर यंत्रच नाही, भूल, ऑपरेशन थिएटर आणि खोलीभाडं हे सगळंच बाहेर पडतं. नुसतं 'श्रवणयंत्र' लिहिलं असेल तर वादाला जागा आहे. हाडात खाच करून बसवलेला भाग आणि कानात अडकवायचं मशीन यांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही, आणि तक्रार करायची वेळ आली तर हाच मुद्दा लावून धरावा. पण कॉक्लिअरचं नाव घेऊन वगळलं असेल तर आपल्याला पटलं की नाही याला काही किंमत उरत नाही.

नोकरीतून मिळणारी सामूहिक पॉलिसी बऱ्याचदा जास्त उदार असते, कारण तिच्या अटी मालक आणि विमा कंपनी वाटाघाटीने ठरवतात. अशा पॉलिसींत कॉक्लिअरसाठी विमा रकमेच्या अमुक टक्क्यांपर्यंत अशी अट दिसते. तेव्हा एजंटला फोन करण्याआधी एचआरकडून त्या वर्षीच्या अटींचा कागद मागून घ्यावा. गेल्या वर्षीचा चालत नाही. दर नूतनीकरणाला अटी बदलू शकतात.

'जन्मजात आहे, त्यामुळे क्लेम बसणारच नाही.'

हा गैरसमज सगळ्यांत जास्त नुकसान करतो, कारण त्यापायी लोक अर्जच करत नाहीत. विम्याच्या भाषेत जन्मजात दोषांचे दोन प्रकार आहेत. शरीराच्या दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या भागातला तो बाह्य आणि न दिसणाऱ्या भागातला तो आंतरिक. कॉक्लिया कवटीच्या हाडात दडलेली असते, म्हणून तिच्यातला दोष आंतरिक ठरतो. विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये अपवादांची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत आंतरिक जन्मजात आजार आणि जनुकीय विकार सरसकट वगळायला मनाई केली. म्हणून नकाराच्या पत्रात नुसतंच 'जन्मजात' एवढं कारण असेल तर ते तपासून घ्यावं.

मग सगळं मिळतं का? नाही. त्याच २०१९ च्या कागदात दुसरी एक यादी होती. विमा घेताना अंगावर असलेल्या ज्या आजारांसाठी कंपनी, ग्राहकाची संमती घेऊन, कायमचा अपवाद लावू शकते, त्यांची ती यादी. कर्करोग, अपस्मार, मूत्रपिंडाचा जुनाट आजार यांच्याबरोबर श्रवणदोषही तिच्यात होता. प्रस्तावाबरोबर आलेल्या संमतिपत्रावर तुम्ही सही केली असेल तर ती कशाखाली केली हे आज काढून बघा. पुष्कळांना ती केल्याचं आठवतही नाही.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत एक बारकावा फार कामाचा आहे. 'आधीपासूनचा आजार' याची व्याख्या निदानाच्या किंवा उपचाराच्या तारखेवर उभी आहे. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या छत्तीस महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा त्यांनी उपचार सुचवलेला वा दिलेला आजार त्यात मोडतो. दोष जन्मापासून होता, पण बाळाचं नाव पॉलिसीत घातलं तेव्हा कोणालाच माहीत नव्हता, तर चित्र वेगळं असतं. फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीत बाळाचं नाव बहुधा नव्वद दिवसांनंतर घालता येतं, आणि प्रसूतीचं कव्हर असेल तर काही ठिकाणी पहिल्या दिवसापासून. ते लगेच घालावं. निदान झाल्यावर ते लपवून घालू मात्र नये. बेराच्या रिपोर्टवर तारीख असते.

'आता पॉलिसी काढू, तीन वर्षं थांबू, मग ऑपरेशन करू.'

आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे. पूर्वी ती ४८ होती. हिशेबाच्या वहीत ही युक्ती चालते, मुलाच्या मेंदूत चालत नाही. बोली शिकण्याची सगळ्यांत सुपीक वर्षं पहिली तीन-चार असतात. त्या काळात आवाज पोचला नाही तर नंतर इम्प्लांट बसवूनही बोलणं यायला फार कष्ट पडतात. विम्याचे पैसे वाचवायला दीड वर्षाच्या मुलाला साडेचारपर्यंत थांबवणं हा मला तरी सगळ्यांत महागडा सौदा वाटतो.

याच जातीचा आणखी एक समज म्हणजे पाच वर्षं हप्ते भरले की कंपनीला काही नाकारता येत नाही. साठ महिन्यांनंतर कंपनीला 'तुम्ही माहिती लपवली' असं म्हणून, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, क्लेम फेटाळता येत नाही हे खरं. पण पॉलिसीतले कायमचे अपवाद आणि मर्यादा तशाच राहतात. कॉक्लिअर वगळलेलं असेल तर ते सहाव्या वर्षीही वगळलेलंच.

'सरकारकडून मिळतं ते फक्त श्रवणयंत्र.'

केंद्राच्या अॅडिप योजनेत २०१४ पासून कॉक्लिअर इम्प्लांट आहे. त्या वेळी मुलामागे सहा लाखांची मर्यादा आणि दरवर्षी पाचशे मुलांचं लक्ष्य ठेवलं होतं. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला असलेली अली यावर जंग संस्था तिची समन्वयक आहे. यात फक्त यंत्र येत नाही. ऑपरेशन, मॅपिंग आणि थेरपीही धरलेली असते. म्हणजे ज्या तिसऱ्या खर्चाला खासगी विमा हात लावत नाही, तो इथे पहिल्यापासून हिशेबात घेतला आहे. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी पाच वर्षांच्या आतलं वय आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची अट लागू होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरहून झाली, आणि जन्मजात बहिरेपण त्याच्या तपासणीच्या यादीत आहे. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला किंवा जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला विचारणं ही फुकटची पहिली पायरी. मुख्यमंत्री सहायता निधीच्या आजारांच्या यादीत दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट आहे. इथेही वयच आडवं येतं, म्हणून कागद जमवताना पहिली नजर मुलाच्या जन्मतारखेकडे हवी.

निरामय योजनेचा मात्र उगाच गाजावाजा होतो. नॅशनल ट्रस्टची ही एक लाखाची योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांपुरती आहे. फक्त बहिरेपण असलेलं मूल त्यात बसत नाही.

'भारी खोली घेतली तर यंत्राचेही पैसे कापतात.'

खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की काही पॉलिसींत बाकीचं बिल त्याच प्रमाणात कापतात, पण इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही. २०२० पासूनचा नियम आहे. लाखोंच्या यंत्रावर प्रमाणशीर कात्री दिसली तर टीपीएला, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला, तिथेच लेखी विचारावं. ऑपरेशनच्या वेळी चेहऱ्याची नस सांभाळण्यासाठी जे मॉनिटरिंग करतात, तेही वगळू नये अशा आधुनिक उपचारांच्या यादीत आहे. त्याला फार तर मर्यादा असते.

'एकदा बसवलं की संपलं.'

विमा हॉस्पिटलमध्ये भरती होण्याभोवती फिरतो. ऑपरेशनआधीचे तीस-साठ आणि नंतरचे साठ-नव्वद दिवस, पॉलिसीप्रमाणे, त्यात येतात. सीटी, एमआरआय यांसारख्या आधीच्या तपासण्यांची बिलं म्हणून जपून ठेवावीत. पण आठवड्याची थेरपी, बॅटऱ्या, तुटलेली कॉइल, भिजून बिघडलेला प्रोसेसर हे सगळं सहसा घरच्यांच्याच खिशातून जातं. आतल्या भागाची वॉरंटी लांब असते आणि बाहेरच्या प्रोसेसरची त्यापेक्षा बरीच कमी. मुलाच्या शाळेच्या वर्षांत प्रोसेसर एकदा तरी बदलावा लागेल असं धरूनच चालावं. विकत घेतानाच वॉरंटीची मुदत आणि सुट्या भागांचे दर लिहून मागावेत. सवलतीच्या दोन टक्क्यांसाठी घासाघीस करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. प्रोसेसर हरवणं किंवा तुटणं यासाठी वेगळा विमा मिळतो का, हेही विक्रेत्याला तेव्हाच विचारावं. जुन्या करप्रणालीत राहिलात तर अवलंबून असलेल्या अपंग व्यक्तीसाठी कलम ८०डीडीखाली ७५ हजारांची आणि तीव्र अपंगत्वाला सव्वा लाखाची वजावट मिळते. अपंगत्वाचा दाखला मात्र हाताशी हवा.

राहिला नकार. नकार मिळाला की लोक कर्ज काढतात आणि पत्र फायलीत लावून टाकतात. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतच्या दाव्यांची सुनावणी होते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला ही कार्यालयं आहेत. कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एक वर्षाची मुदत असते. अर्जासोबत पॉलिसीची पूर्ण प्रत लावावी, पहिल्या पानाचं सर्टिफिकेट पुरत नाही, आणि ज्या कलमावर नकार टेकवलाय त्याचा आकडा कंपनीकडून लेखी मिळवावा.