गल्लीने आखलेलं मैदान

बॉस्टनच्या मेट्रोने केनमोर स्थानकावर उतरलात की पत्ता विचारायची गरज नाही. सामन्याच्या दिवशी गर्दीमागून चालत राहायचं. समोर येणारी लाल विटांची इमारत पाहून एखादी जुनी गिरणीच आठवते. हे फेनवे पार्क. टायटॅनिक बुडाल्याला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा 20 एप्रिल 1912 रोजी ते खुलं झालं. मेजर लीग बेसबॉलमधलं आज वापरात असलेलं हे सर्वांत जुनं मैदान. बॉस्टन रेड सॉक्सचं ते आजही घरचं मैदान आहे.

सामना नसेल तेव्हा वाटाड्यासोबत तासाभराची फेरी मारता येते. सगळ्यांच्या नजरा आधी डावीकडे वळतात. तिथे लॅन्सडाउन स्ट्रीट आडवा आला, म्हणून मैदान आखडतं घ्यावं लागलं. होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथून, कोपरा जेमतेम 310 फुटांवर; त्याची भरपाई 37 फूट उंच भिंतीने केली. पूर्वी तिच्यावर जाहिराती होत्या. 1947 मध्ये त्या पुसून हिरवा रंग दिला आणि पुढे ‘ग्रीन मॉन्स्टर’ हे नाव पडलं. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला इथली गंमत लवकर कळते. इतरत्र सहज झेल जावा असा उंच फटका इथे भिंतीवर आदळतो आणि फलंदाज आरामात दुसऱ्या बेसवर पोहोचतो. उलट, सरळ सुसाट गेलेला, दुसरीकडे हमखास होमरन ठरला असता असा चेंडू भिंतीला थडकून परत येतो. भिंतीला एक शिडीही आहे. वरच्या जाळीत अडकलेले चेंडू काढायला ती होती. 2003 मध्ये तिथे प्रेक्षकांची आसनं आली, जाळी गेली. शिडी कोणी काढली नाही.

भिंतीच्या पायथ्याचा धावफलक अजून हातानेच चालतो. आत बसलेली माणसं आकड्यांच्या पाट्या लावतात. फलकावरच्या पांढऱ्या उभ्या पट्ट्या जरा निरखून पाहा. त्यांत ठिपके आणि रेघा दिसतील. 1933 मध्ये संघ विकत घेणारे टॉम यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यांची ती मोर्स लिपीतली आद्याक्षरं. याच यॉकींच्या काळात रेड सॉक्सने कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घ्यायला सगळ्यांत जास्त वेळ लावला. लीगमधला वर्णभेदाचा अडसर मोडणारे जॅकी रॉबिन्सन 1947 मध्ये ब्रुकलिनच्या संघाकडून उतरले. बॉस्टनला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्पसी ग्रीन, मिळायला 1959 उजाडलं. 2018 मध्ये संघाच्याच विनंतीवरून बाहेरच्या ‘यॉकी वे’ या रस्त्याचं नाव पुन्हा ‘जर्सी स्ट्रीट’ झालं. फेरीत भिंतीचं कौतुक ऐकताना हेही लक्षात असावं.

उजवीकडच्या हिरव्या बाकांत एकच खुर्ची लाल आहे. जून 1946 मध्ये रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचा 502 फुटांचा होमरन तिथे पडला. तिथून होम प्लेट इतकी चिमुकली दिसते की आकड्याबद्दल शंका यावी.

1999 मध्ये हे सगळं पाडून शेजारी नवं मैदान बांधायचा बेत जाहीर झाला होता. 2002 मध्ये आलेल्या नव्या मालकांनी तो गुंडाळला आणि डागडुजीवर भर दिला. म्हणून अडचणीही टिकल्या. ग्रँडस्टँडमधल्या जुन्या लाकडी खुर्च्या अरुंद आहेत, गुडघे पुढच्या पाठीला टेकतात. छपराचे खांब तर थेट नजरेच्या आड येतात. तिकीट स्वस्त दिसलं तर आधी जागा तपासा; नाहीतर सामनाभर मान वाकडी करून बसावं लागेल.