तळच्या पायऱ्यांवरील फुटबॉल

१९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक जर्मनीस गेले आणि कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके त्याने परदेशी प्रेक्षकांपुढे सादर केली, ही हकीकत वऱ्हाडातील व्यायामप्रेमी मंडळी आजही अभिमानाने सांगतात. १९१४ साली वैद्य बंधूंनी एका आखाड्याच्या रूपाने सुरू केलेल्या संस्थेने बावीस वर्षांत एवढा पल्ला गाठावा, हे कौतुकास्पद खरेच. परंतु त्या वेळच्या राज्यकर्त्यांनी स्ववैभवाच्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या त्या अवाढव्य क्रीडागारापेक्षा, ज्या लहान लहान व्यायामसंघांवर जर्मनीचे क्रीडाजीवन शतकभर पोसले गेले होते, ते आपल्या आखाड्यांना अधिक जवळचे होते. या नात्याचा विचार आपल्याकडे फारसा झाला नाही. तो करण्याचा हा प्रयत्न आहे, आणि त्याचे निमित्त फुटबॉल हे आहे.

फ्रीडरिश लुडविग यान या शिक्षकाने १८११ साली बर्लिनच्या हाझेनहाइडे या माळरानावर खुली व्यायामशाळा काढली. शरीर कमावता कमावता तरुण राजकारणही बोलू लागतात, हे ध्यानी येताच प्रशियाच्या सरकारने १८२० साली अशा व्यायामशाळांवर बंदी घातली, ती १८४२ पर्यंत टिकली. बंदी उठल्यावर गावोगाव व्यायामसंघ निघाले, आणि इंग्लंडातून फुटबॉल आला तेव्हा त्याला आसरा मिळाला तो पुष्कळ ठिकाणी याच संघांच्या छपराखाली. म्युनिकचा प्रसिद्ध ‘१८६०’ हा संघ आपल्या नावातच व्यायामसंघाचे स्थापनावर्ष बाळगून आहे, फुटबॉल त्यात शिरला तो १८९९ साली. हे आगमन सर्वांनाच रुचले असे नाही. कार्ल प्लांक नावाच्या स्टुटगार्टच्या व्यायामशिक्षकाने १८९८ साली एक पुस्तिका लिहून या लाथाळीच्या खेळास ‘इंग्रजी रोग’ ठरविले, आणि पुढे १९२४ च्या सुमारास व्यायामवाले व फुटबॉलवाले यांच्यात रीतसर वाटण्या होऊन अनेक संघांची दोन शकले झाली. तरीही मूळचा संस्कार टिकला. संघ हा सभासदांचा असतो, त्याचा हिशेब सभासदांपुढे मांडला जातो आणि त्याचे मैदान गावाच्या जीवनाचा भाग असते, या तीन गोष्टी फुटबॉलने व्यायामसंघाकडून वारशाने घेतल्या.

१९०० च्या जानेवारीत लाइपझिग येथे ८६ संघांच्या प्रतिनिधींनी जर्मन फुटबॉल महासंघ स्थापिला. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस अंमलात आलेल्या जर्मन दिवाणी संहितेने किमान सात सभासदांच्या मंडळास नोंदणीचा हक्क दिला होता. आज त्या महासंघाच्या छत्राखाली चोवीस हजारांच्या आसपास संघ आणि सत्तर लाखांहून अधिक सभासद आहेत. बुंडेसलीगा हे त्याचे शिखर. तिच्याखाली दुसरी व तिसरी लीगा, चौथ्या पायरीवर पाच प्रादेशिक रेगिओनाललीगा, मग ओबरलीगा, आणि त्याखाली प्रांताप्रांतानुसार नावे बदलत जाणाऱ्या पायऱ्या उतरत उतरत आपण क्राइसलीगा म्हणजे जिल्हा पातळीपर्यंत, कित्येक ठिकाणी त्याच्याही खाली येऊन पोहोचतो. या तळाच्या पातळीवर खेळणारा सुतार, शिक्षक किंवा शेतकरी आठवड्यातून एकदोन संध्याकाळी सराव करतो व रविवारी शेजारच्या गावाशी सामना खेळतो. मैदानावरचे चुन्याचे पट्टे कोणी सभासद आखतो, उपाहाराची खिडकी दुसरा सांभाळतो, आणि प्रत्येक संघाने आपल्या वाट्याचे पंच पुरविलेच पाहिजेत, न पुरविल्यास दंड भरला पाहिजे, असा दंडकच आहे. या तपशिलास मी फार महत्त्व देतो. गोल मारणारा कोठेही निपजतो, परंतु रविवारी सकाळी शिट्टी घेऊन चिखलात उभा राहणारा पंच व्यवस्थेनेच निर्माण करावा लागतो.

या सोपानाचे सामर्थ्य लाइपझिगच्याच एका संघाच्या इतिहासात उत्कटतेने दिसते. १९०३ साली पहिले जर्मन अजिंक्यपद पटकावणाऱ्या संघाचा वारसा सांगणारा लोकोमोटिव्ह लाइपझिग पूर्व जर्मनीच्या काळात १९८७ साली युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला आणि अथेन्स येथे आयाक्सकडून एका गोलाने हरला. एकीकरणानंतर जुने नाव पुन्हा धारण करून तो एक हंगाम बुंडेसलीगात खेळलाही. पण पुढे कर्जाच्या ओझ्याखाली तो बुडू लागला. तेव्हा चाहत्यांनी २००३ च्या डिसेंबरात तो नव्याने नोंदविला आणि २००४ साली अकराव्या, म्हणजे अगदी तळच्या पायरीवरून खेळास आरंभ केला. त्या शरद ऋतूत ग्रोसडॉयबेन नावाच्या लहानशा गावाच्या दुय्यम संघाविरुद्धचा सामना पाहण्यास १२,४२१ माणसे जमली. ज्या पातळीवर एरवी खेळाडूंचे आप्तच प्रेक्षक असतात, तेथे ही गर्दी.

ती पायरीपायरीने चढत आलेली मंडळी २०१६ साली रेगिओनाललीगात पोहोचली खरी, परंतु पाच प्रादेशिक विजेत्यांना वरच्या चारच जागा अशी तेथील घडण असल्याने दोन विजेत्यांना आपसात लढावे लागते. लोकोमोटिव्ह २०२० साली फेर्लविरुद्ध दोन्ही सामने बरोबरीत सोडवूनही परक्या मैदानावरील गोलांच्या नियमाने मागे राहिला, आणि २०२५ साली पुन्हा विजेता होऊन हाव्हेल्सेकडून हरला. विजेत्यास बढती मिळालीच पाहिजे, या मागणीसाठी तेथील संघ आग्रह धरून आहेत आणि न्याय त्यांच्याच बाजूस आहे असे माझे मत आहे. एवढे असले तरी खालच्यांसाठी आणखी एक दार उघडे असते. प्रादेशिक चषक जिंकणाऱ्यास राष्ट्रीय चषकाच्या पहिल्या फेरीत प्रवेश मिळतो. फेस्टेनबेर्ग्सग्रॉइथ या बव्हेरियातील चिमुकल्या खेड्याच्या संघाने १९९४ साली बायर्न म्युनिकला एका गोलाने पराभूत केले, ते याच वाटेवर. आणि २०२० साली झारब्र्युकनचा चौथ्या पायरीवरील संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, तोही याच वाटेने.

आता महाराष्ट्राकडे वळू. व्यायामशाळेच्या पोटी फुटबॉल जन्मास येण्याचा जो प्रकार जर्मनीत घडला, त्याचे प्रतिरूप आपल्याकडे कोल्हापुरात आहे, आणि तेही इतके हुबेहूब की पाहून विस्मय वाटावा. राजर्षी शाहू महाराजांच्या उदार आश्रयाने त्या नगरीत कुस्ती बहरली, १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले, पेठापेठांतून तालमी गजबजल्या. आणि लाल मातीत अंग घुसळणाऱ्या त्याच तालमींनी पुढे पायात बूट चढवून चेंडू आपलासा केला. आज कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटातील नावे वाचावीत : पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, वेताळमाळ तालीम मंडळ. यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. एखाद्या फुटबॉल स्पर्धेच्या फेरिस्तीत कुस्तीच्या आखाड्यांची नावे इतक्या संख्येने सापडावीत, असे दुसरे शहर भारतात मला ठाऊक नाही.

तेथील हंगामाची वहिवाट ठरलेली आहे. दिवाळी आटोपली की खेळाडूंच्या नोंदणीचे वेध लागतात. कोणता आक्रमक कोणत्या तालमीतून कोणत्या तालमीत गेला, कोणी जुन्या पेठेशी इमान राखले, कोणी बाहेरगावचे खेळाडू आणले, याची खबर स्थानिक वर्तमानपत्रे सविस्तर छापतात आणि चहाच्या टपरीवर त्यावर मसलती झडतात. डिसेंबरच्या सुमारास शाहू स्टेडियमवर साखळी सामने सुरू होतात. वरिष्ठ गटात १६ संघ असून एका दुपारी एकामागून एक दोन सामने खेळविले जातात. साखळी आटोपल्यावर निरनिराळ्या चषकांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत चालतात. वरिष्ठ गटाखाली कनिष्ठ गट आहेत, आणि तळास राहणाऱ्या संघास खाली उतरावे लागते. त्यामुळे अजिंक्यपदाच्या लढतीइतकीच चुरस शेवटच्या जागा टाळण्यासाठी होते. मंगळवार पेठेचा पाटाकडील आणि शिवाजी पेठेचा खंडोबा किंवा शिवाजी समोरासमोर आले की त्या दिवशी दोन्ही पेठांतील व्यवहार मंदावतात, ढोल-ताशे वाजतात, आणि आजोबा, मुलगा व नातू एकाच पायरीवर बसून एकाच संघासाठी घसा कोरडा करतात.

या प्रेमाची दुसरी बाजू लपविण्याचे कारण नाही. पेठेचा अभिमान कित्येकदा ईर्ष्येच्या सीमा ओलांडून हाणामारीपर्यंत जातो. स्टेडियमच्या आत-बाहेर दगडफेक होऊन पोलिसांस हस्तक्षेप करावा लागला आहे, सामने थांबवावे लागले आहेत. जिंकण्याच्या हव्यासापोटी आफ्रिकेतील देशांतून खेळाडू आणण्याची प्रथाही मध्यंतरी फोफावली. ते खेळाडू निपुण होते आणि त्यांच्यापासून स्थानिक मुले पुष्कळ शिकली, हे मान्य केले पाहिजे; तथापि पेठेच्या वर्गणीवर चालणाऱ्या संघाने आपल्याच पेठेतील मुलास बाकावर बसवावे, हे काही मनास पटत नाही.

पण कोल्हापूरचे खरे दुःख निराळे आहे. त्या शहराच्या पायऱ्या शहरातच संपतात. शाहू स्टेडियमवर अजिंक्य ठरलेल्या तालमीस पुढे प्रांताच्या आणि मग देशाच्या पातळीवर आपोआप घेऊन जाणारी अखंड वाट पिढ्यानपिढ्या नव्हती. एकेकटा खेळाडू वर गेला. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाचा गणवेश घातला, तेव्हा सबंध शहराला भरून आले. परंतु तालीम, तालीम म्हणून, वर गेली नाही. वरच्या पातळीवर जे संघ होते ते प्रायः कंपन्यांचे. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय विजेता झाला आणि २०१० साली विसर्जित करण्यात आला. तो पुन्हा नोंदवून तळापासून खेळविण्याचा अधिकार ज्यांना असावा असे सभासद त्याला नव्हतेच. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये तर खालून वर येण्याची वाटच ठेवलेली नव्हती. २०२३ साली आय-लीगचा विजेता पंजाबचा संघ पहिल्यांदा त्या मार्गाने वर गेला. त्याच साली आय-लीगची तिसरी पायरी निर्माण होऊन राज्यांच्या स्पर्धा तिला जोडल्या गेल्या. उशिरा का होईना, शिडीचे मधले दांडे बसविले जात आहेत.

आमच्या विदर्भात फुटबॉलचा वारसा छावणीचा आहे. १८२१ साली वसलेल्या कामठीच्या लष्करी छावणीच्या परिसरात हा खेळ रुजला, आणि कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचे राहुल क्लब व यंग मुस्लिम फुटबॉल क्लब यांची नावे नागपूरच्या जिल्हा साखळीत आदराने घेतली जातात. याच नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी, भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरे पाहून, २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यांच्या कार्यावरून स्फुरलेला ‘झुंड’ चित्रपट २०२२ साली आला, तो बहुतेक वाचकांनी पाहिला असेल. मला त्यातील मर्म हे दिसते की बारसे यांनी आधी चेंडू दिला, मग संघ बांधले, आणि मग त्या संघांसाठी स्पर्धा उभी केली.

याच विदर्भातील वाशीमचा इतिहास चढउताराचा आहे. वाकाटकांची एकेकाळची राजधानी वत्सगुल्म, इंग्रजी अंमलात स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे, १९०५ साली अकोल्यात विलीन, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. येथील शाळकरी मुलास फुटबॉलची वाट अगदीच बंद आहे असे नाही. १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो चषकासाठी शाळेचा संघ जिल्ह्यावर जिंकला तर अमरावती विभागात, तेथून राज्यात आणि राज्य जिंकल्यास थेट दिल्लीस जाऊ शकतो. मानोऱ्याच्या एखाद्या आश्रमशाळेपासून दिल्लीच्या मैदानापर्यंत जाणारी ही शिडी कागदावर तरी सलग आहे. परंतु सतरावे वर्ष ओलांडले की ती शिडी त्या मुलाच्या पायाखालून निघते. ज्या वयात जर्मनीतील मुलगा आपल्या गावाच्या प्रौढ संघात दाखल होऊन पुढची पंधरावीस वर्षे दर रविवारी खेळणार असतो, त्याच वयात आपला मुलगा पोलीस भरतीच्या धावण्याकडे वळतो किंवा पुण्याची गाडी धरतो. मैदानावरून तो उठतो तो कायमचा.

यावर उपाय पैशाचाच आहे असे मानून आपण हात जोडून बसतो, ते मला मान्य नाही. जर्मन कायद्याने सात सभासदांची अट घातली, तशीच आपल्या १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानेही सातच माणसे मागितली आहेत. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत ज्या सुलभतेने गणेशोत्सव मंडळांची दफ्तरे दाखल होतात, त्याच सुलभतेने फुटबॉल मंडळाचेही दाखल होईल. वर्गणी गोळा करणे, मंडप उभारणे, हिशेब वाचून दाखविणे, हे सारे आपल्या तरुणांना उत्तम साधते. सहा तालुक्यांचे सहा संघ आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या गावी व एकदा परगावी खेळावे अशी योजना केली, तर प्रत्येकास दहा, असे एकूण तीस सामने होतात. सोयाबीन घरात येऊन पडल्यावर, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आरंभ करावा आणि दर रविवारी तीन सामने घ्यावेत, म्हणजे उन्हाळा चढण्यापूर्वी, फेब्रुवारीच्या पूर्वार्धात हंगाम पुरा होतो. जिल्ह्याच्या कोणत्याही टोकाहून कोणत्याही टोकास सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत परत येता येते, त्यामुळे मुक्कामाचा खर्च नाही. मात्र पहिल्या वर्षापासून एक नियम कसोशीने पाळला जावा : प्रत्येक संघाने आपल्या अकरा खेळाडूंबरोबर दोन पंचांचीही नावे नोंदवावीत, आणि ती न देणाऱ्या संघाचे गुण कापावेत.