पेटीतून आलेली जीप

अमरावतीहून अकोल्याला जाताना एखाद्या जुन्या जिनिंग फॅक्टरीच्या आवाराकडे पाहा. कडुनिंबाखाली एखादी जीप उभी दिसेल. तिचे टायर जमिनीत रुतलेले असतात, टपाच्या कापडाच्या चिंध्या झालेल्या असतात आणि बॉनेटवर कोंबड्या बसलेल्या असतात. लोक तिला भंगार म्हणतात. अशी गाडी पुन्हा सुरू होऊ शकते का? बहुतेक वेळा होते. पण गाडी सुरू होणे ही एक गोष्ट आणि ती रस्त्यावर नेण्यालायक होणे ही दुसरी गोष्ट. या दोन्हींत किती अंतर आहे, ते आज आपण पाहू.

आधी या गाडीची जन्मकथा ऐका. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर काही कंपन्या मोटारीचे सुटे भाग संच करून विकत. घेणारा माणूस घरच्या अंगणात ते जोडून मोटार तयार करी. 1957 साली आलेली ‘लोटस सेव्हन’ ही त्यांतली प्रसिद्ध मोटार. तयार मोटारीवर कर होता, सुट्या भागांवर तो लागत नसे. म्हणून हा खटाटोप. आपल्याकडे अशी घरगुती जुळणी रुजली नाही, पण आपली जीपही सुट्या भागांच्या रूपानेच आली. 1949 मध्ये अमेरिकेच्या विलिज कंपनीच्या जीपचे भाग जहाजाने मुंबईला येत आणि माझगावला त्यांची जोडणी होई. हे काम करणारी कंपनी 1945 साली सुरू झाली, तेव्हा तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होते. महिंद्रा बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानला गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. पुढे भाग इथेच तयार होऊ लागले आणि जीप खेड्यापाड्यांत पोहोचली. तहसीलदार, मेळघाटातले वनाधिकारी, पोलीस, कापसाचे व्यापारी, निवडणुकीचे उमेदवार, सगळ्यांचे काम तिच्यावर चाले.

सुटे भाग जोडून तयार झालेली गाडी सुटे भाग करून दुरुस्तही करता येते. जीप टिकली ती यामुळेच. बहुतेक भाग नट-बोल्टने बसवलेले. पाने आणि जॅक असला की मिस्त्री झाडाखालीही ती उलगडू शकतो. ‘दुरुस्ती’, ‘पुर्जा’, ‘कारागीर’, ‘उस्ताद’ हे शब्द तुम्हांला शिकवावे लागणार नाहीत. मराठीने ते फारसीतून घेतले आणि गॅरेजात ते आजही रोज वापरले जातात.

बरीच वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे काय बिघडते? आपल्या वऱ्हाडात पहिला शत्रू म्हणजे काळी माती. ती ओली असताना गाडीच्या खालच्या चौकटीला, म्हणजे चासीला, चिकटते आणि आतला ओलावा धरून ठेवते. वरून माती कोरडी दिसते, आत लोखंड गंजत असते. म्हणून रंगाला हात लावण्याआधी चासीवरची माती खरवडून काढतात आणि हातोडीने ठोकून पाहतात. चांगले लोखंड खणखणते, सडलेले बद्द वाजते. दुसरा शत्रू ऊन. अकोल्याच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो. टायर आणि रबरी नळ्या यांना तडे जातात. तिसरा शत्रू आहे पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्ही भूगोलात वाचला असेल. तिथले विहिरीचे खारे पाणी रेडिएटरमध्ये भरले की आत क्षार साचतात, पाण्याच्या वाटा बुजतात आणि इंजिन तापते. उंदरांचे काय सांगावे! वायरी कुरतडणे आणि सीटच्या कापसात घर करणे हे तर ते हमखास करतात.

अशा गाडीला धक्का मारून सुरू करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरावा. सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, गंजाने अडकलेला असू शकतो. जोर लावला तर त्याच्या कड्या तुटतात. जाणता मिस्त्री स्पार्क प्लग काढतो, प्रत्येक भोकात थोडे तेल सोडतो आणि दोन-चार दिवस वाट पाहतो. मग पुढच्या बाजूने हँडल घालून इंजिन हळूहळू हाताने फिरवतो. ते मोकळे फिरले की निम्मी काळजी मिटते.

पेट्रोलची टाकी या जीपमध्ये चालकाच्या सीटखाली असते. जुने पेट्रोल आत चिकट होऊन बसते आणि त्याला आंबूस वास येतो. टाकीला छिद्र असले, तर ती लगेच वेल्डिंगला नेऊ नये. टाकी रिकामी दिसली तरी आत पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगी पडताच स्फोट होतो. हे काम अनुभवी माणसाचेच आहे. तुम्ही जवळ उभेही राहू नका. आणखी एक गोष्ट. 2025 पर्यंत आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने खराब होते, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या प्रकारच्या बसवाव्या लागतात.

आता ब्रेककडे येऊ. माझ्या मते बाकी सारे काम एका पारड्यात आणि ब्रेक दुसऱ्या पारड्यात ठेवावा. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही पास्कलचा नियम वाचला आहे : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. समजा, चालकाने पायाने 10 किलोचा जोर दिला. पॅडल ही एक तरफ आहे. तिच्यामुळे तो जोर पाचपट झाला, तर मुख्य सिलिंडरच्या दट्ट्यावर 50 किलोचा जोर येतो. तिथून ब्रेक ऑइल तो दाब चारही चाकांकडे नेते. तिथले छोटे दट्ट्ये ब्रेक शूंना ड्रमवर दाबतात आणि गाडी थांबते.

जुन्या जीपमध्ये चारही चाकांची तेलाची वाट एकच असते. पुढच्या काळातल्या गाड्यांत ती दोन भागांत विभागलेली असते, म्हणून एक फुटली तरी दुसरी काम करते. इथे एक नळी फुटली, तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. शिवाय ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ते पाणी नळ्यांना आणि सिलिंडरला आतून गंजवते. त्यामुळे नळ्या, रबरी कप आणि ऑइल, सगळे नवे घालावे. ब्रेक ऑइल नाही म्हणून इंजिनचे तेल ओतणारे लोक मी पाहिले आहेत. त्या तेलाने रबर फुगते आणि सगळी मेहनत वाया जाते. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती श्वासाबरोबर छातीत गेली तर घातक ठरते. म्हणून ती फुंकू नये, ओल्या कापडाने पुसावी.

अकोल्याच्या एका गॅरेजात मी पाहिलेली गोष्ट सांगतो. एका तरुणाने आजोबांची जीप दुरुस्तीला दिली होती. हिरवा रंग चकचकत होता, नव्या सीटा बसल्या होत्या. घरात लग्न होते आणि नवरदेव याच जीपमधून जाणार होता. उस्तादांनी पॅडलवर पाय ठेवला आणि एक मिनिट तसाच दाबून धरला. पॅडल हळूहळू खाली जाऊ लागले.

‘‘आज गाडी मिळणार नाही,’’ ते म्हणाले.

‘‘उस्ताद, परवा लग्न आहे. गाडी थांबते तर आहे ना! चार किलोमीटर तर जायचे.’’

‘‘बेटा, आता थांबते. उद्या दहा माणसे बसतील, तेव्हा काय करशील?’’

तरुण रागावला, पैसे पूर्ण दिले आहेत, असेही बोलला. उस्तादांनी शांतपणे मुख्य सिलिंडर उघडला आणि आतला रबरी कप त्याच्या तळहातावर ठेवला. त्याच्या कडेला बारीक चीर होती. नवा कप मागवायला दोन दिवस लागले आणि नवरदेव भाड्याच्या मोटारीतून गेला. त्या घरचे लोक उस्तादांवर बरेच दिवस नाराज होते, असे मी ऐकले. मला मात्र उस्तादांचेच बरोबर वाटते.

वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे लक्षात घ्या. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी 10 मीटरांत थांबत असेल, तर 60 च्या वेगाला तिला 40 मीटर लागतील. आपला अमरावती-अकोला महामार्ग आता गुळगुळीत आहे. जून 2022 मध्ये इथे 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. अशा रस्त्यावर मागून येणारी मोटार वेगात असते. जुन्या जीपचा मागचा लाल दिवा आणि वळण्याचा दिवा लागत नसेल, तर तिचे ब्रेक कितीही चांगले असले तरी धोका राहतोच.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळता येत नाही. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. नंतर गाडी तपासून नूतनीकरण करावे लागते. नोंदणीपुस्तकातला चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. पेट्रोल महागले तेव्हा अनेकांनी जीपमधले मूळ इंजिन काढून डिझेलचे बसवले. कायद्याने त्यासाठी आधी परवानगी लागते. ती घेतलेली नसेल तर पुढच्या मालकाला त्रास होतो. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. म्हणून मालकाने आधीच ठरवावे : जीप शेतावर न्यायची की जपून ठेवायची?

सगळे झाले की पहिली फेरी मोकळ्या मैदानात, तीही परवानाधारक माणसाने मारायची. मग पाच किलोमीटर जाऊन परत येतात आणि चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहतात. एखादा जास्त तापला असेल, तर तिथला ब्रेक शू घासत आहे असे समजावे. नट-बोल्ट पुन्हा आवळतात. पुढे मूर्तिजापूरपर्यंत फेरी होते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, सुमारे 1100 मीटर उंचीपर्यंतचा, सर्वांत शेवटी. चढताना रेडिएटरची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. म्हणून उतरतानाही चढतानाचाच गिअर ठेवतात, म्हणजे निम्मा भार इंजिन घेते आणि ड्रम थंड राहतात.