द रिटर्न टू डार्कनेस

मुंबईच्या ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ या रॉक वाद्यवृंदाची २०१० मधील ध्वनिमुद्रिका. गायक-गिटारवादक साहिल मखिजा यांनी हा वृंद २००० मध्ये स्थापन केला. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) व ‘बियाँड द डार्कनेस’ (२००७) यांनंतरची ही मुद्रिका अंधारविषयक त्रयीतील अखेरची होय. चित्रपटसंगीत व बड्या कंपन्या यांच्या कक्षेबाहेर वाढलेल्या अशा संगीतास ‘भूमिगत’ म्हणतात. मखिजा यांनी आपल्याच संस्थेतर्फे मुद्रिका प्रसिद्ध केली. पुढे ‘कँडललाइट’ या ब्रिटिश संस्थेने ती परदेशांत वितरित केली.

घशातून काढलेला गुरगुराट, अतिद्रुत तालवादन, गिटारचा मुद्दाम विकृत केलेला नाद व त्यांवर सिंथेसायझरचे भव्य स्वरपट ही या शैलीची लक्षणे आहेत. अपरिचित श्रोत्यास ती गोंगाटासारखी वाटते. समीक्षकांचेही पूर्वी असेच झाले होते. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ची पहिली मुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली, तेव्हा ‘रोलिंग स्टोन’सारख्या नियतकालिकाने तिची निर्भर्त्सना केली, आज हेवी मेटल प्रकाराचा आरंभ सामान्यतः तिच्यापासून मानतात.

मुंबईच्या मुद्रिकेस मात्र लवकर मान्यता लाभली. ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या २०१० च्या पुरस्कारांत या वृंदास ‘ग्लोबल मेटल’ हा सन्मान मिळाला. पण या मान्यतेतच एक पेच होता. नॉर्वेच्या ‘डिमू बोर्गीर’सारख्या वृंदांशी तुलना झाली, की अनुकरणाचा संशय येई, वेगळेपण शोधू गेल्यास भारतीय वाद्ये वा रागदारीची अपेक्षा पुढे होई. वृंदाच्या ‘दशावतार’ (२०१७) या मुद्रिकेत मत्स्यापासून कल्कीपर्यंतचे अवतार विषय म्हणून आले. तथापि विषय देशी असला म्हणजे कृती श्रेष्ठ ठरते, असे नव्हे.

या संगीताच्या मूल्यमापनास भारतीय काव्यशास्त्रातही आधार सापडतो. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायी भाव भय हा असून, विकृत आवाज कानी पडणे हा त्याच्या विभावांपैकी एक सांगितला आहे. त्या दृष्टीने गुरगुराट हा गळ्याचा दोष नसून रसाचे साधन ठरतो. मरीआईच्या पोतराजाचा आसूड व त्याच्या सोबतीचा वाद्यनाद मराठवाड्यातील गावांत ज्यांनी ऐकला आहे, त्यांना नाद व भय यांचे हे नाते नवे वाटू नये. म्हणून आवाज कर्कश आहे काय किंवा भारतीय आहे काय, यापेक्षा त्यातून भयाचे आस्वाद्य रूप सिद्ध होते काय, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होय.