तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह

जालना रोडवर शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे. २००१ साली तिथे ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली, पुढे ऑडी आणि फोक्सवॅगनही आल्या. ऑक्टाव्हियाच्या १.९ लिटर डिझेल इंजिनातली टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली मोकळी जागा, तेलाच्या दाबाने आपोआप भरून निघते, त्यामुळे मालकाने फिलर गेज आयुष्यात पाहिला नाही तरी चालतं. याच घराण्यातली थोरली गाडी, बीटल, मात्र ती फट तपासायला दर पाचेक हजार किलोमीटरला मिस्त्रीला गाडीखाली आडवं पाडते.

खरं तर बीटलसारख्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं वेड जर्मनांइतकंच चेक लोकांचंही. हान्स लेडविंकाच्या टाट्रा गाड्यांची छाप बीटलवर इतकी उघड होती की फोक्सवॅगनला पुढे टाट्राला भरपाई द्यावी लागली. आपल्या लष्कराचे टाट्रा ट्रकही हवेवर थंड होणाऱ्या डिझेल इंजिनांचे. स्कोडा मात्र चेक असूनही पाण्याच्याच बाजूने राहिली.

बीटलचं इंजिन मागच्या बाजूला असतं. चार सिलिंडर आडवे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. रेडिएटर नाही, पाणी नाही. डायनामोच्याच शाफ्टवर बसलेला पंखा पत्र्याच्या आवरणातून वारा ढकलतो. तेल फक्त अडीच लिटर, आणि फिल्टरच्या जागी एक जाळी. १९३८ पासून २००३ पर्यंत अशा दोन कोटी पंधरा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यातल्या काही अजून आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत दिसतात, आणि मालक कौतुकाने सांगतो, ‘इंजिन बघा, किती शांत चालतंय.’

जाणत्या मिस्त्रीच्या पोटात गोळा येतो तो इथेच. टॅपेट वाजत असेल तर फट वाढली आहे. कानाला त्रास होतो, थोडी ताकद कमी होते, पण व्हॉल्व्ह सुखरूप असतो. धोका असतो तो आवाज बंद होण्यात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतापून ताणला गेला किंवा सीटमध्ये खोल बसत गेला की फट आवळत जाते आणि खडखड थांबते. व्हॉल्व्हच्या अंगातली बरीचशी उष्णता तो सीटवर टेकलेला असतानाच हेडमध्ये उतरते, थोडी गाईडमधून जाते. पुरता टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठे? कडेतून जळता वायू निसटतो, कड खात जातो. आणखी हट्टाने गाडी दामटली तर व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडतं. मग दुरुस्तीचा विषय संपतो, नव्या इंजिनाच्या हिशेबाचा सुरू होतो.

यात बदनाम सिलिंडर म्हणजे तीन नंबरचा. जुन्या रचनेत तेलाचा कूलर पंख्याच्या आवरणातच, त्याच्या वाटेवर उभा असे. वारा आधी कूलरला लागून गरम व्हायचा आणि उरलासुरला तीन नंबरला मिळायचा. १९७१ च्या सुमारास कूलर बाजूला सरकवला, तेव्हा त्याचा जाच कमी झाला.

फट तपासायची ती इंजिन पूर्ण थंड असताना. मराठवाड्यात मे महिन्यात याचा अर्थ सकाळी लवकर, गाडी रात्रभर उभी असताना. १६०० सीसीच्या इंजिनाला ०.१५ मिलिमीटर. फायरिंग ऑर्डर १-४-३-२ असल्याने पुली उलटी अर्धा-अर्धा फेरा फिरवली की एक, दोन, तीन, चार असे सिलिंडर ओळीने हाती येतात. ही सोपी युक्ती अनेकांना ठाऊक नसते. दुसरी मेख अशी की ॲडजस्टिंग स्क्रूच्या टोकाला खड्डा पडला असेल तर गेजची पट्टी खड्ड्यावरून आडवी जाते आणि खोटं माप देते. स्क्रू काढून बोटाने चाचपावा.

माझ्या मते अशा गाडीचं सगळ्यात मोलाचं अवजार म्हणजे वही. प्रत्येक वेळी फट किती सापडली ते आठही व्हॉल्व्हचं लिहून ठेवायचं. नव्या कामानंतर एकदा आवळलेली सापडली तर सीट बसत असेल, समजून घ्यावं. तोच व्हॉल्व्ह दुसऱ्यांदा आवळलेला सापडला तर स्क्रू ढिला करून समाधान मानू नये, हेड उतरवावं.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन बघतात. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून दाब वाढला तर रिंग गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह, हा नेहमीचा ठोकताळा. पण आडव्या सिलिंडरमध्ये तेल खालच्या बाजूलाच साचतं, सगळ्या रिंगभर पसरत नाही, म्हणून इथे त्यावर फार विसंबू नये. त्यापेक्षा पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडावी आणि कान लावावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंग.

व्हॉल्व्ह गळत असेल तर इंजिन उतरवायचं. ते चार बोल्टवर उभं असतं. वायर, केबल, पेट्रोलची नळी सोडवली की जॅकवर खाली येतं. हेडवर आधी प्लगचं भोक आणि सीट यांच्यामधला तडा शोधायचा. मग गाईड. जुन्या गाईडमध्ये नवा व्हॉल्व्ह डगडगत असेल तर गाईड बदलल्याशिवाय सीटला हात लावू नये, कारण सीट कातायची ती गाईडच्याच मध्यावरून. ४५ अंशांचा कोन, मग ग्राइंडिंग पेस्ट, आणि शेवटी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून गळतं का पाहणं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जुनाच घासून वापरणं ही बचत नव्हे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बहुधा दोन पोलादांचा जोड असतो: डोकं उष्णता सोसणारं, दांडा झिजेला टिकणारा. चुंबक दांड्याला चिकटतो, डोक्याला नाही. शेंद्र्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजला, इंजिनाचे व्हॉल्व्ह बनतात. पोलादातला हा फरक तिथल्या कामगाराला नवा नाही.

नवे व्हॉल्व्ह बसवून इंजिन वर चढवण्याआधी इंजिनाभोवतीचं रबरी सील पाहावं. ते निघालेलं असेल तर खालची तापलेली हवा वर येऊन पंखा तीच पुन्हा ओढतो. पंख्याच्या आवरणात उंदराचं घरटं आहे का तेही बघावं. वर्षभर उभ्या गाडीत असतंच. हे दोन्ही राहिलं तर वहीत तीन नंबरसमोर पुन्हा तोच आकडा लिहावा लागतो.